उजेडाचा अर्थ

कळंब्याला राहते असे मी सांगितले, की समोरचा माणूस क्षणभर चपापतो आणि मग सावरून विचारतो, "म्हणजे त्या तुरुंगाजवळ का हो?" त्याचा तरी काय दोष? कोल्हापूरचे मध्यवर्ती कारागृह कळंब्यात आहे, आणि वर्तमानपत्रात आमचे नाव येते ते बहुतेक त्याच निमित्ताने. पण तुरुंगाची उंच भिंत मागे टाकून थोडे पुढे गेले की कळंबा तलाव लागतो. पहाटे त्याच्या बांधावर फिरायला येणाऱ्यांना विचारा. कळंबा म्हटले की त्यांना थंड वारा आणि पाणी आठवते. शब्द एकच. एकाला त्यात भिंत दिसते, दुसऱ्याला तलाव.

शब्दांच्या अशा गमती सांगणे हा या सदराचा नेहमीचा उद्योग. दिवाळी अंकासाठी काहीतरी उजेडाचे लिहावे, अशी सूचना आली तेव्हा पणती, आकाशकंदील, दिवेलागण असे दोन-तीन विषय मी मांडून पाहिले. पण खरे सांगायचे तर गेल्या दिवाळीत आमच्या घरात एका शब्दाने काळोख केला होता. त्या शब्दाचा अर्थ चुकीचा लावला होता तो दुसऱ्या कोणी नव्हे, गेली वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या बाईने, म्हणजे मीच. तेव्हा यंदा तीच गोष्ट सांगून टाकते. कबुलीची कबुली होईल, आणि झाला तर कोणाला उपयोगही होईल.

गोष्ट माझ्या मामांची आहे. मामा करवीर तालुक्यातले गुळवे. शाळा चौथीपर्यंत. पोरवयात गुऱ्हाळावर जळव्याचे काम करायला लागले. चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडे आत सारायची आणि धूर खायचा. पुढे हाताला गुण आला आणि ते गुळव्या झाले. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेले नाही त्यांना सांगते, काहिलीतला रस कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. जरा लवकर उतरला तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. मामांच्या ढेपेला बाजारात दोन पैसे जास्त मिळत. त्याच पैशांतून वडिलांच्या माघारी मी एम. ए. झाले. माझ्या नावापुढची ती दोन अक्षरे मामांच्या काहिलीतून निघाली आहेत, असे मी म्हणते ते उगाच नाही.

दोन वर्षांपूर्वी मामांना खोकला लागला. बिडी तरुणपणापासूनची, त्यामुळे खोकल्याचे घरात कोणाला नवल नव्हते. पण वजन उतरू लागले, आणि एके दिवशी थुंकीत रक्ताची रेघ दिसली. छातीचा फोटो निघाला, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला. क्षयासाठी थुंकी तपासली, त्यात काही निघाले नाही. मग सीटी स्कॅन झाला आणि शेवटी त्या डागात सुई घालून तुकडा काढला. तो कर्करोगाचा निघाला. इथवर शंकेला जागा नव्हती. प्रश्न पुढचा होता. रोग तेवढ्याच डागात आहे, की बाहेर पडला आहे? डागातच असला तर शस्त्रक्रिया करून फुप्फुसाचा तेवढा भाग काढता येतो. बाहेर पडला असला तर उपचारांची वाटच बदलते. "त्यासाठी पेट स्कॅन करून या," डॉक्टर म्हणाले.

पेट हा शब्द ऐकून मामी गोंधळल्या. "अहो, दुखणं छातीत, आणि पोटाचा फोटो कशाला?" पेट म्हणजे पोट, ही आपली जुनी समजूत. हे पेट वेगळे. पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी या लांबलचक इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने आम्ही मुंबई गाठली. लालबागला मामींचे भाऊ राहतात, गिरणी बंद पडली तेव्हापासून घरीच असतात. त्यांच्याकडे उतरलो. दुसऱ्या दिवशी इस्पितळात मामांना उपाशीपोटी नेले. तपासणीच्या आधी किमान चार-सहा तास काही खायचे नाही, असा दंडक. बोटातून रक्त काढून साखर मोजली. मग तिथल्या तरुण मुलीने समजावले, "आजोबा, आता तुम्हाला शिरेतून एक साखरेसारखं औषध देणार. त्यानंतर तासभर गुपचूप पडून राहायचं. चालायचं नाही, बोलायचं नाही."

मामा तिच्याकडे बघतच राहिले. "जल्मभर गूळ केला, आणि पोरी, तू मला साखर देतीस व्हय?" ती मुलगी हसली. पण मामांना खरी अडचण साखरेची नव्हती. तासभर बोलायचे नाही, ही होती.

ही साखर कसली, हे मी तिथल्या बाकावर बसून समजून घेतले. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी साखर खाऊन जगते. ग्लुकोज हे तिचे इंधन. कर्करोगाच्या बहुतेक पेशी मात्र अधाशी असतात, त्यांना साखर फार लागते. ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात हे प्रयोगांनी दाखवले. प्राणवायू हाताशी असतानाही या पेशी साखर फुकून टाकल्यासारखी वापरतात, असे त्याला आढळले. या माणसाला पुढे १९३१ साली पेशींच्या श्वसनावरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

अधाशी माणूस ओळखायचा तर पंगतीत बसवून वाढायला लागावे. पेट स्कॅनमध्ये तेच करतात. ग्लुकोजच्या रेणूत थोडा बदल करून त्याला किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडतात. या साखरेचे नाव एफ. डी. जी. पेशी ती नेहमीची साखर समजून आत घेते, तिच्यावर पहिला संस्कारही करते. पण पुढे ती तिला पचवता येत नाही आणि सहजी बाहेरही टाकता येत नाही. साखर आत अडकून बसते. तिच्यातल्या फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन नावाचे कण निघतात. प्रत्येक कण जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही नाहीसे होतात आणि दोन किरण नेमके विरुद्ध दिशांना सुटतात. रोग्याभोवती यंत्राचे कडे असते. त्याच्या समोरासमोरच्या दोन बिंदूंवर एकाच क्षणी किरण पोचले, की त्या दोहोंच्या मधल्या रेषेवर कोठेतरी साखर साठली आहे हे यंत्राला कळते. अशा असंख्य रेषांवरून शरीराचे चित्र तयार होते आणि जिथे साखर जास्त, तिथे उजेड दिसतो. तासभर गप्प पडून राहायचे ते एवढ्याचसाठी. हातपाय हलवले, तर स्नायू साखर खाऊन घेतात आणि नको तिथे दिवे लागतात.

या फ्लोरिनची आणखी एक गंमत आहे. तो फार नाशवंत. सुमारे ११० मिनिटांत निम्मा होतो, आणखी ११० मिनिटांत पाव. मुंबईत बनवून मोटारीने कोल्हापूरला आणायचा म्हटला, तर सव्वासात तासांच्या प्रवासात जेमतेम सोळावा हिस्सा उरेल. दुधापेक्षाही घाईचा हा माल. १९७६ च्या ऑगस्टमध्ये ही साखर माणसाला पहिल्यांदा टोचली, तीही अशीच धावपळ करून. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत अल्फ्रेड वुल्फ, जोआना फाउलर, तात्सुओ इडो या मंडळींनी ती बनवली. ती छोट्या विमानाने फिलाडेल्फियाला नेली आणि तिथे डॉक्टर अब्बास अलावी यांनी दोन निरोगी माणसांना देऊन त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. आपल्या देशात ही सोय यायला आणखी सव्वीस वर्षे लागली. मुंबईला परळच्या टाटा इस्पितळाच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण औषधी केंद्र आहे. असा फ्लोरिन तयार करणारे भारतातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि त्याच्या जोडीला पहिला पेट स्कॅनर तिथे २००२ साली सुरू झाला. आता इतर शहरांतही ही यंत्रे आली आहेत. पण मामांच्या हातात सुई टोचली तेव्हा मला त्या छोट्या विमानाचीच आठवण होत होती. माणसे घड्याळाशी शर्यत लावून कोणासाठी तरी काय काय वाहून नेतात!

स्कॅन झाला, आणि आम्ही कोल्हापूरला परतलो. पुढची भेट भाऊबीजेनंतर ठरली होती. रिपोर्ट मात्र फोनवर आला, नेमका वसुबारसेच्या संध्याकाळी. आला तो माझ्या फोनवर, कारण घरात इंग्रजी वाचणारी मी.

रिपोर्ट दोन पानांचा होता. उजव्या फुप्फुसातल्या गाठीत भरपूर उजेड, पुढे आकडा ९.४. हे अपेक्षितच होते. पण खाली आणखी एक परिच्छेद होता. छातीच्या मध्यभागी, श्वासनळीच्या दोन्ही अंगांना असलेल्या लसिका ग्रंथींतही उजेड आहे, आकडा ४.१, आणि त्या 'सस्पिशस' आहेत. यकृत, हाडे, बाकी सगळीकडे ठीक.

दादाने, म्हणजे माझ्या मामेभावाने, पलीकडून विचारले, "काय लिवलंय?" मामी त्याच्या शेजारी होत्या. मी म्हणाले, "छातीतल्या दुसऱ्या गाठींतही पसरलाय."

हे एक वाक्य. 'सस्पिशस' म्हणजे संशयास्पद, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलालाही सांगेन. परीक्षेत कोणी त्याचे भाषांतर 'पसरलाय' असे केले असते, तर लाल शाईने खोडले असते. पण भीती वाटते तेव्हा माणूस भाषांतर करत नाही. तो मनातले वाचतो आणि त्याला कागदाचे नाव देतो.

त्या वाक्याने काय केले ते ऐका. दादाने त्याच रात्री इंटरनेटवर शोधाशोध केली. दोन्ही बाजूंच्या ग्रंथींत रोग गेला असेल तर सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत, हे त्याला तिथे कळले. ते खरेच आहे. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आता मुंबईला नेऊन त्यांचे हाल कशाला करायचे? घरीच सुखानं राहू देत. आणि त्यांना यातलं काही सांगायचं नाही." मामींनी पदर तोंडाला लावला. घरात फराळ झाला तो शेजाऱ्यांनी काही विचारू नये म्हणून. मुलांनी फटाके आणले होते, ते तसेच पिशवीत राहिले. नरकचतुर्दशीला मामांच्या अंगाला उटणे लावताना मामींचा हात थरथरत होता, आणि मामा म्हणत होते, "अगं, जरा जोर लाव की. जल्मभर काहिली उचलल्यात म्या. मोडत न्हाई."

मोठ्या माणसाला त्याच्याच आजाराबद्दल अंधारात ठेवायची आपल्या घरांना सवय आहे. प्रेमापोटीच आपण तसे करतो. पण चार दिवस ते करून पाहिल्यावर मला कळले, की ज्याच्यापासून लपवायचे, तो एकटा पडतो. सगळे घर त्याच्याशी गोड बोलत असते आणि खरे कोणीच बोलत नसते.

आई गेल्यापासून भाऊबीजेला मामा, मामी आणि दादा माझ्याकडे कळंब्याला येतात. मी दादाला ओवाळते आणि मामा आईच्या फोटोपुढे पाट मांडून थोडा वेळ बसतात. त्या दिवशी ओवाळणी झाल्यावर मामा म्हणाले, "चल पोरी, तळ्यावर जाऊन येऊ." बांधावर पोचेपर्यंत ते दोनदा थांबले, दम घेतला. मग एका दगडावर बसले आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "काय लिवलंय गं त्यात?"

मी म्हणाले, "कशात, मामा?"

"आता गं! चार दिस झाले, पोरगं माझ्याकडं बघंना. तुझी मामी स्वयंपाकघरातनं भाईर यीना. मला कळत न्हाई व्हय? शाळा न्हाई शिकलो, खरं माणसं शिकलोय. सांग."

मी सांगितले. फुप्फुसातली गाठ सांगितली, छातीतल्या ग्रंथी सांगितल्या, उजेड सांगितला. रडू आले, ते आवरले नाही. मामा ऐकत राहिले. मग त्यांनी विचारले, "उजेड दिसला म्हंजे नेमकं काय दिसलं?"

"म्हणजे तिथे साखर जास्त खाल्ली जातेय, मामा. तिथलं काम जोरात चाललंय."

"कसलं काम?"

मी थबकले. कसले काम, हे त्या चित्रात नव्हते.

मामा म्हणाले, "हे बघ. लांबनं गुऱ्हाळाचा धूर दिसला म्हंजे चुलवाण पेटलंय एवढं कळतं. काहिलीत रस हाय, का पाक झालाय, का नुसतं पाणी उकळतंय, ते धुरावरनं सांगणारा गुळव्या मी तरी बघितला न्हाई. उलथन्यावर घ्यावं लागतं, गार पाण्यात सोडावं लागतं, बोटानं गोळी करून बघावी लागती. माझ्या छातीतली गोळी करून बघितली का कुणी?"

वरच्या गाठीची बघितली होती. मधल्या ग्रंथींची कोणीच बघितली नव्हती. मी तिथेच, बांधावर, फोन काढून रिपोर्ट पुन्हा उघडला. शेवटची ओळ वाचली. पहिल्या दिवशीही ती माझ्या डोळ्यांखालून गेली होती. पत्राच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा' असते तशीच एक रीत समजून मी ती सोडून दिली होती. त्या ओळीत स्पष्ट लिहिले होते, की या ग्रंथींतल्या पेशी तपासून खात्री करून घ्यावी.

आम्ही मुंबईला गेलो. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र लावले. काळ्या आकृतीत मेंदू लखलखत होता, मूत्राशय लखलखत होते. "घाबरू नका," ते म्हणाले, "मेंदू नेहमीच साखर खातो, आणि उरलेली लघवीवाटे जाते. हे निरोगी माणसाचे दिवे आहेत." मग छातीतले दिवे दाखवले. मोठा एक, आणि मध्यभागी दोन्ही बाजूंना जोडीजोडीने बसलेले लहान. त्यांनी आकड्यांचा अर्थही सांगितला. दिलेली साखर सगळ्या शरीरात सारखी पसरली असती तर प्रत्येक ठिकाणी आकडा १ आला असता, ९.४ म्हणजे साधारण त्याच्या साडेनऊ पट. पूर्वी २.५ च्या वर गेले की संशय धरायचा असा ठोकताळा होता. पण त्या रेषेवर कोणाचे आयुष्य ठरवू नये, असे ते म्हणाले. कारण साखर खाणारा कर्करोग एकटाच नव्हे. जिथे जंतूंशी लढाई चालू असते किंवा तिच्या खुणा धुमसत असतात, तिथल्या संरक्षक पेशीही भरपूर साखर खातात. न्यूमोनिया दिवा लावतो, बुरशीचा आजार लावतो. क्षय तर हमखास लावतो. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. परदेशी पुस्तकातला उजेड इथे जसाच्या तसा वाचून चालत नाही, असे त्यांचे म्हणणे.

मग त्यांनी विचारले, "यांना कधी क्षय झाला होता का?"

दादा म्हणाला, "नाही." मीही मान हलवली. मागून, पदराआडून आवाज आला, "झाला होता की." मामी बोलत होत्या. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मामांना मिरजेला छातीच्या दवाखान्यात ठेवले होते. रोज सुई टोचत, कित्येक महिने. सासूबाईंनी बजावले होते, की गावात बोलायचे नाही, नणंदेचे लग्न व्हायचे आहे. ती नणंद म्हणजे माझी आई. चाळीस-पंचेचाळीस वर्षे मामींनी ते पाळले होते. आतापर्यंत दोन-तीन डॉक्टरांनी जुनी आजारपणे विचारली, तेव्हा उत्तरे आम्ही शिकलेल्यांनी दिली होती. मामींना कोणी विचारलेच नव्हते.

डॉक्टर मामींकडे वळून म्हणाले, "बरं झालं, बोललात." एवढेच. पण मामी ताठ बसल्या.

पुढची तपासणी म्हणजे मामांच्या भाषेत गोळी करून बघणे. तोंडावाटे श्वासनळीत बारीक दुर्बीण उतरवतात. तिच्या टोकाशी ध्वनिलहरींनी पलीकडचे दाखवणारे यंत्र असते. त्याने नळीबाहेरची ग्रंथी दिसते, आणि नळीतूनच सुई घालून तिच्यातल्या पेशी काढतात. छाती उघडावी लागत नाही. मामांच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथींतून अशा पेशी घेतल्या. आठवडाभराने निकाल आला. कर्करोगाची एकही पेशी नाही. जुन्या दाहाच्या गाठी आहेत. जिवंत क्षयजंतू आहे का, हेही पाहिले, तोही मिळाला नाही. मिरजेच्या त्या लढाईची राख अजून ऊब धरून होती आणि यंत्राने ती ऊब अगदी प्रामाणिकपणे दाखवली होती. यंत्र खोटे बोलले नव्हते. जास्तीचे बोलले होते ते मी.

मेंदूचा एम. आर. आय. वेगळा काढला. मेंदू आधीच लखलखत असल्याने तिथला लहानसा रोग पेट स्कॅनमध्ये झाकून जाऊ शकतो. तोही स्वच्छ निघाला. मार्गशीर्षात मामांची शस्त्रक्रिया झाली. उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढला, त्यासोबत ग्रंथीही काढून पुन्हा तपासल्या. त्या निर्दोषच निघाल्या. भाऊबीजेला दादाचे ऐकून आम्ही घरी बसलो असतो, तर बरा करता येण्याजोगा माणूस आम्ही एका विशेषणापायी हातचा घालवला असता. हे वाक्य लिहितानाही माझा हात थांबतो.

याचा अर्थ पेट स्कॅन निरुपयोगी, असे कोणी घेऊ नये. त्याचे उपकार मोठे आहेत. सीटी स्कॅन आकार दाखवतो, पेट स्कॅन त्या आकाराचा स्वभाव दाखवतो. गाठ सुस्त आहे की अधाशी, हे कळते. मोठ्या गाठीतला कोणता भाग सर्वांत जिवंत आहे आणि सुई कोठे घालावी, ते कळते. फुप्फुसाचा भाग मिटून गेला असेल, तर त्यातला रोग किती आणि नुसतेच मिटलेले फुप्फुस किती, हे वेगळे दिसल्याने किरणोपचाराचा झोत नेमका धरता येतो. उपचार लागू पडतो आहे का, हे गाठ लहान होण्याच्या आधीच तिची भूक मंदावल्यावरून कधी कधी कळते. आणि ज्या रोग्याच्या हाडात किंवा यकृतात रोग लपून बसला आहे, त्याची वायफळ शस्त्रक्रिया टळते. काही वेळा उलटही घडते. फार लहान गाठ, साधारण आठ-दहा मिलिमीटरच्या आतली, किंवा सावकाश वाढणारा कर्करोग दिवाच लावत नाही. म्हणजे उजेड दिसला म्हणून रोग ठरत नाही आणि दिसला नाही म्हणून सुटकाही ठरत नाही. चित्र कोठे पाहायचे ते सांगते. काय आहे ते बहुधा पेशीलाच विचारावे लागते.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असा कागद आला, तर माझ्या चुकीतून तीन गोष्टी घ्याव्यात. रिपोर्टाची शेवटची ओळ पहिल्या ओळीइतक्याच लक्षपूर्वक वाचावी. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला जुनी आजारपणे आवर्जून विचारावीत, आणि लाजेखातर झाकलेले आजारही डॉक्टरांपाशी बोलावेत. आणि डॉक्टरांना साधा प्रश्न करावा: "हा जो उजेड दिसतो, त्यातल्या पेशी तपासल्या आहेत का? आणि तपासल्या तर पुढचा मार्ग बदलेल का?" काही वेळा उत्तर येईल की गरज नाही, सगळे स्पष्ट आहे. तेही खरे असू शकते. दिवा नेहमी जुन्या राखेचाच असतो, अशी खोटी आशा मला कोणाच्या पदरात टाकायची नाही. मामांच्या वरच्या गाठीतला दिवा कर्करोगाचाच होता.

मामा आता ठरलेल्या वेळी मुंबईला तपासणीला जातात. पुढचे कोणी छातीठोकपणे सांगत नाही, आम्हीही विचारत नाही. बिडी सुटली. गुऱ्हाळाच्या धुरात बसायला बंदी आहे. तरी परवा दादाने सांगितले, की ते लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला खुर्ची टाकून बसतात. नवा गुळव्या उलथन्यावरचा पाक त्यांच्याकडे घेऊन येतो. मामा तो गार पाण्यात सोडतात, बोटांत धरून गोळी करतात आणि म्हणतात, "थांब जरा, अजून न्हाई."

मी वर्गात भाषांतर शिकवताना हल्ली मुलांना हेच सांगते. थांब जरा. शब्द पाण्यात सोडून बघ.